हिरवा ठिपका, सपाट रेघ

सलग तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि माझ्यासमोरचे आलेख इतके शांत होते की मी निवांत होतो. चोवीस नोड, म्हणजे डोंगरउतारावर बसवलेले मोजमापाचे चोवीस डबे; पडद्यावर चोवीस हिरवे ठिपके. कुणी फोन करून विचारलं की "सगळे बोलतायत" एवढंच सांगायचं. त्यात खोटं काही नव्हतं. चोवीसच्या चोवीस नोड खरोखरच बोलत होते.

काम असं: एका डोंगरउताराखालून रस्ता जातो आणि उतारावरची माती पावसात सरकण्याची भीती आहे. उतारावर ठिकठिकाणी लोखंडी खुंट ठोकून त्यांच्या डोक्यावर आम्ही डबे बसवलेत. प्रत्येक डब्यात कल मोजणारा सेन्सर, बेताच्या ताकदीचा प्रोसेसर, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आणि लिथियम थायोनिल क्लोराइडचा एक सेल. डब्याने दर पाच मिनिटांनी उठायचं, कल, तापमान आणि सेलचा व्होल्टेज मोजायचा, त्या आकड्यांचं पॅकेट रेडिओवरून शेजाऱ्याच्या हवाली करायचं आणि पुन्हा झोपायचं. शेजारी ते आणखी खालच्याला देतो. असं हातोहात करत पॅकेट रस्त्यापलीकडच्या गेटवेत, म्हणजे सगळी पॅकेटं गोळा करणाऱ्या यंत्रात, येऊन पडतं. कल तासाला ०.०१ अंशाने बदलू लागला तर सावध व्हायचं, ०.१ अंशाने बदलू लागला तर कुणाला न विचारता रस्ता बंद करायचा, असं आमचं ठरलेलं.

झोपेवर एवढा भर का, तर या रेडिओंची एक गंमत आहे. त्यांना बोलायला जेवढी वीज लागते त्याहून थोडी जास्तच नुसतं ऐकायला लागते. या क्षेत्रातल्या बहुतेकांच्या हाताखालून कधी ना कधी गेलेली सीसी२४२० ही चिप घ्या: पूर्ण जोरात पाठवताना १७.४ मिलिअ‍ॅम्पिअर, ऐकताना १८.८. कान उघडे ठेवून बसलेला नोड सेल पाच-सहा दिवसांत संपवतो. म्हणून सगळा खेळ वेळेवर उठण्याचा आणि लगेच झोपण्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फॉल्ट टॉलरन्सवर, म्हणजे बिघाड झाला तरी काम चालू ठेवण्याच्या सोयींवर, आम्ही मनापासून काम केलं होतं. शेजारी मेला तर नोड दुसरा शेजारी शोधायचा. प्रत्येक टप्प्यावर पोच, म्हणजे अ‍ॅक. अ‍ॅक आला नाही तर पुन्हा पाठवायचं. पाठवलेली प्रत्येक नोंद नोडच्या स्वतःच्या फ्लॅशमध्येही (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) जपायची. गेटवेवर परीक्षक नावाचा एक प्रोग्राम बसवला होता, जो प्रत्येक नोडचे आकडे शेजाऱ्यांशी ताडून बघायचा: कोण अडकलाय, कोण भरकटलाय, कुणाचा आकडा मर्यादेबाहेर आहे. दोषी सापडला की त्याचं मत काढून घ्यायचं आणि उरलेल्यांच्या मध्यकावरून उताराची हालचाल ठरवायची.

एवढी काळजी घ्यायचं कारण या क्षेत्राचा इतिहास. २००५ साली नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात शंभरेक नोडांचं जाळं लावलं होतं. अपेक्षित संदेशांपैकी जेमतेम २ टक्के हाती आले. त्याच वर्षी इक्वेडोरच्या रेव्हेंटादोर ज्वालामुखीवर सोळा नोड लावले, तर तिथे नोडांपेक्षा खालच्या तळावरची वीज जाणं जास्त नडलं. हे सगळं आम्ही वाचलेलं. लोकांनी ठेचा खाल्ल्या, आपण शहाणे होऊन आलो, असा एक छुपा ताठा माझ्यात होता, नाही असं नाही.

पहिले चौदा नोड बसवून त्या दिवशी एकशे बावन्न दिवस झाले होते. मधल्या काळात उताराच्या पायथ्याकडे, झाडीत, एक भेग दिसली. म्हणून तिच्या आसपास आणखी दहा नोड बसवले. त्यांना एकोणचाळीस दिवस झाले होते. म्हणजे ज्या जागेसाठी रात्रीची झोप उडावी, ती जागा या दहा नव्या पोरांच्या ताब्यात.

दुपारी भूशास्त्राच्या मॅडम आल्या. वीसएक वर्षं दरडींच्या मागे फिरलेल्या बाई. रेडिओ-बिडिओशी त्यांना देणंघेणं नाही. छत्री कोपऱ्यात टेकवून त्या पडद्यासमोर बसल्या आणि एकेक नोड उघडून बघू लागल्या. मला वाटलं, कल बघतील. त्या तापमान बघत होत्या.

"तुमच्या एकोणीस नंबरकडे रात्र झाली नाही का?"

मी वाकून पाहिलं. एकोणीसचं तापमान २२.३७. आदल्या रात्री अकरालाही २२.३७, पहाटे पाचला २२.३७ आणि आता दुपारी दोनलाही तेच. कल बघितला तर तिसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा, पंधरा तास.

"हां, तो अडकलाय," मी म्हटलं. आणि हे सांगायला आज लाज वाटते, पण मला त्या क्षणी आनंदच झाला. कारण परीक्षकाने ते आधीच पकडलं होतं. दुसऱ्या पानावर यादी होती: एकाच आकड्यावर अडकलेले नोड सात, मतातून वगळले. मी ते पान अभिमानाने उघडून दाखवलं. "बघा, आपोआप बाजूला काढलेत. उरलेल्या सतरांवर हिशोब चाललाय, आणि त्यांच्या मते उतार शांत आहे."

मॅडमनी यादी वाचली. "पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस, एकवीस, बावीस, चोवीस. हे सगळे भेगेजवळचे."

"नव्या बॅचचे आहेत. सेलचा लॉट खराब निघाला असणार."

"असेल. पण मग शांत कोण आहे? वरचा खडक ना? तो शांतच असतो हो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मतदानाने दोष लपवण्याच्या सगळ्या गणितामागे एक गृहीतक असतं: बिघाड एकमेकांशी न बोलता, आपापले होतात. चौघांत एक खोटारडा असला तर उरलेले तिघे त्याला हाणून पाडू शकतात. पण इथे भेगेजवळचे बहुतेक एका कारणाने एकदम गेले होते आणि मत देणारे राहिले ते बहुतेक भेगेपासून लांबचे. मध्यक अगदी बरोबर निघत होता, फक्त तो भलत्याच जागेचा होता.

मी वर जाऊन एखादा डबा उघडून बघतो म्हटलं. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "आज त्या उतारावर कुणी पाय ठेवणार नाही." विषय संपला.

राहिला गेटवे. तो रस्त्यापलीकडच्या पक्क्या बाजूला, लोखंडी कपाटात. माझा सहकारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान; त्याने छत्री धरली, मी कपाटाचं दार अर्धवट उघडून लॅपटॉप आत सरकवला आणि रेडिओची सिरियल तार थेट जोडली. आमचा संग्रह करणारा प्रोग्राम, परीक्षक, डॅशबोर्ड, सगळं बाजूला. रेडिओच्या कानात जे पडतंय ते जसंच्या तसं पडद्यावर.

मला वाटलं होतं, सतरांचीच पॅकेटं दिसतील. किंवा अडकलेल्या सातांकडून तोच तोच आकडा येताना दिसेल.

पहिल्या मिनिटात काहीच नाही. मग पाच-सहा ओळी भराभर आल्या. हेक्समधले (सोळाच्या पायावर लिहिलेले) आकडे, पाणी उडालेल्या पडद्यावर. त्यातल्या एका ओळीत नोडचा क्रमांक १३ होता. हेक्समधला १३ म्हणजे एकोणीस.

"एकोणीस आला," सहकारी म्हणाला.

आला होता. तापमान १९.८१. आणि कल त्या पंधरा तासांच्या गोठलेल्या आकड्यापासून चांगला अर्ध्या अंशाने दूर.

नोड अडकला नव्हता. तो मोजत होता, पाठवत होता, शेजारी पोचवत होते, गेटवेचा रेडिओ ऐकत होता, अ‍ॅकही देत होता. आणि रेडिओ ते पडद्यावरचा आलेख या हातभर अंतरात कुठेतरी ते पॅकेट नाहीसं होत होतं.

"हा सिक्वेन्स नंबर बघ," मी म्हटलं. ००२५. म्हणजे सदतीस.

प्रत्येक नोड आपल्या पॅकेटला ओळीने क्रमांक देतो. पाच मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला २८८. एकोणचाळीस दिवसांत एकोणीस नंबर अकरा हजारांच्या वर पोचायला हवा होता. तो सदतीसवर होता.

"रीसेट झाला," सहकारी म्हणाला. "सदतीस गुणिले पाच... तीन तासांपूर्वी."

पुढची पॅकेटं आली. बावीस नंबरचा सिक्वेन्स आठ. पंधराचा एकशे दोन. सगळे रीसेट झालेले. तोवर ठीक होतं. नोड रीसेट होतात, त्यासाठीच तर अडकलेल्या प्रोसेसरला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग वगैरे असतो. पण मग जुन्यांपैकी सहा नंबर आला, त्याचा सिक्वेन्स दोनशे चौदा. तोही रीसेट झालेला! आणि सहा नंबरचा आलेख डॅशबोर्डवर मजेत चालू होता, वर-खाली होत, जिवंत.

एकच आजार, एक रोगी दिसतो आणि दुसरा दिसत नाही. बॅचचा संशय तिथेच गळाला, निदान माझ्या मनातून. बॅच खराब असती तर नवे रीसेट झाले असते आणि जुने नसते. इथे दोन्ही रीसेट होत होते, गायब मात्र नवेच होत होते.

कपाटाच्या दाराआड वाकून मी वहीत आकडे मांडले. शाई पसरत होती. मला तो डुप्लिकेट फिल्टर आठवला होता.

डुप्लिकेट का होतात ते सांगतो. नोडने पॅकेट पाठवलं, शेजाऱ्याला मिळालं, शेजाऱ्याने अ‍ॅक दिला आणि तो अ‍ॅकच वाटेत हरवला. नोडला वाटतं पॅकेट पोचलं नाही; तो पुन्हा पाठवतो. आता जाळ्यात एकाच पॅकेटच्या दोन प्रती. म्हणून गेटवेवर आम्ही एक ओळ लिहिली होती: या नोडकडून शेवटचा जो क्रमांक आला, त्याच्या पुढचा असेल तर घे, जुना असेल तर टाकून दे. जुनं-नवं कसं ठरवायचं? क्रमांक सोळा बिटांचा. ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य येतो, त्यामुळे सरळ लहान-मोठं बघून चालत नाही. त्यासाठी इंटरनेटवाल्यांची एक प्रमाण रीत आहे, १९९६ सालची, आरएफसी १९८२. शेवटच्या क्रमांकापासून पुढे मोजत गेलं आणि अर्ध्या वर्तुळाच्या, म्हणजे ३२,७६८ च्या आत सापडला तर नवा, नाहीतर जुना. अगदी शास्त्रोक्त. आम्ही ती शब्दशः उतरवली होती आणि त्यावर चाचण्याही लिहिल्या होत्या.

आता एकोणीस नंबर. शेवटचा क्रमांक साधारण ११,२०० धरा. रीसेट होऊन तो शून्यावर आला. ११,२०० पासून पुढे मोजत ६५,५३६ ओलांडून शून्यापर्यंत जायला ५४,००० च्या वर पावलं. अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त, म्हणजे जुना, म्हणजे डुप्लिकेट, म्हणजे कचऱ्यात. एकोणीस नंबर पुन्हा ११,२०० ओलांडेपर्यंत, आणखी एकोणचाळीस दिवस, त्याचं प्रत्येक पॅकेट कचऱ्यात जाणार होतं. तेही मध्ये पुन्हा रीसेट झाला नाही तर.

आणि सहा नंबर? एकशे बावन्न दिवसांत तो ४३,७०० च्या पुढे गेलेला. तिथून शून्यापर्यंत पुढे मोजलं तर २२,००० च्या आत. अर्ध्या वर्तुळात बसला, म्हणून नवा! आत या.

म्हणजे ज्या नोडला ११३ दिवस आणि वर काही तास झाले असतील तो रीसेट होऊनही सुखरूप, आणि ज्याला झाले नसतील तो गायब. नव्या बॅचचा सेल, नव्या बॅचचं सोल्डरिंग, नव्या बॅचची पाटी, कशाचाही संबंध नाही. फक्त वय.

(जुनेही पूर्ण सुटले नव्हते, हे नंतर कळलं. एकदा शून्यावर आलेला जुना नोड चार तासांनी पुन्हा रीसेट झाला की त्याचे पुढचे चार तास फिल्टर खात होता. ती भोकं आमच्या दुसऱ्या एका शहाणपणाने बुजवली होती. त्याकडे येतो.)

सहकाऱ्याने छत्री धरलेला हात बदलला आणि म्हणाला, "टेबलावर दिसलं होतं की हे."

दिसलं होतं. प्रयोगशाळेत आम्ही नोड अर्धा तास चालवायचो, सेल काढायचो, पुन्हा घालायचो आणि तो परत जाळ्यात यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचो. प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास लागायचा. आम्ही म्हणायचो, मार्ग जुळायला वेळ लागतोय. मार्ग जुळवण्याचा कोड दोनदा सुधारला, तरी अर्धा तासच. कुणाच्या डोक्यात आलं नाही की आपण नोड अर्धा तास चालवतो म्हणून परतायला अर्धा तास लागतो. तासभर चालवला असता तर तासभर लागला असता. अहवालात मी स्वतः लिहिलंय: "पुनःप्रवेशाचा काळ सुमारे ३० मिनिटे, स्वीकारार्ह."

अजून एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. फिल्टर किती पॅकेटं टाकून देतो याची मोजणी डॅशबोर्डवर होती आणि गेल्या दोन दिवसांत ती चांगलीच वाढली होती. मी ती सकाळीच पाहिली होती. पाऊस आहे, पानं भिजलीयत, अ‍ॅक हरवतायत, डुप्लिकेट वाढणारच, असं स्वतःला समजावून चहा घ्यायला उठलो होतो.

फिल्टर बंद करायला दोन मिनिटं लागली. ओळीपुढे शेऱ्याची खूण टाकून ती निकामी केली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. करताना सहकाऱ्याने सहज विचारलं, "पण मग डुप्लिकेट येतील त्याचं काय?" आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण काहीच नव्हतं. त्याच नोडची, त्याच वेळेची, तीच नोंद दुसऱ्यांदा लिहिली तर पहिल्या नोंदीवर तीच बसते. आलेखात बिंदूवर बिंदू. वाटेतल्या नोडांनी डुप्लिकेट गाळायला हवेत, कारण तिथे प्रत्येक पॅकेट सेल खातं. गेटवेला वीज आहे, डिस्क आहे. त्याला गाळायची गरजच काय होती? ती ओळ आम्ही नीटनेटकेपणासाठी लिहिली होती.

आता मागचे पंधरा तास हवे होते. टाकून दिलेली पॅकेटं गेटवेने मोजली होती, जपली नव्हती. पण नोडच्या फ्लॅशमध्ये सगळं होतं. एक नोंद सोळा बाइटची. या रेडिओची एक चौकट जास्तीत जास्त १२७ बाइटची, तीत पत्ते वगैरे जाऊन सहा नोंदी आरामात बसतात. दोन दिवसांच्या ५७६ नोंदी म्हणजे शहाण्णव पॅकेटं. कोरड्या दिवशी हे काही मिनिटांचं काम. त्या दिवशी एकोणीस नंबरला सव्वा तास लागला, आणि मध्ये तो एकदा आणखी रीसेट झाला. मी मागायचो, तो सात-आठ द्यायचा, मग शांतता. सोळा आणि बावीसकडून तेवढंही जमलं नाही, तुकडे मिळाले.

पण चित्र उमटलं. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. आदल्या दुपारी एकोणीसचा कल तासाला ०.००४ अंशाने सरकत होता. मध्यरात्रीच्या आसपास ०.०१ ओलांडला. म्हणजे सावध व्हायची घंटा तेव्हाच वाजायला हवी होती. सकाळी ०.०३. दुपारी तीननंतर ०.०६ ला टेकला.

"०.१ झालेलं नाही अजून," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. ठरलेला आकडा तोंडात बसलेला असतो.

"रेघ बघा. आकडा नका बघू." त्यांनी बोट पडद्यावरून वर वर जाणाऱ्या वळणावरून फिरवलं आणि फोन काढला. सहा वाजायच्या आत रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला होता.

रीसेट का होत होते, हे त्या रात्री गेटवेच्या कपाटाजवळच्या गाडीत बसून जुळवलं. करायला दुसरं काही नव्हतंच. पॅकेटमध्ये सेलचा व्होल्टेज असतो. तो आम्ही मुद्दाम ठेवलाय, कारण २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका ७० मीटर उंच रेडवुडवर नोड लावले होते तेव्हा सेल ढासळला की तापमानाचे आकडेही बरळू लागतात असं दिसलं होतं. एकोणीसचा व्होल्टेज ठीक होता. पण तो मोजला जातो नोड नुकताच उठल्यावर, रेडिओ बंद असताना. खरा ताण रेडिओ चालू झाल्यावर.

लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल वर्षानुवर्षं टिकतो, कारण आतल्या लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर चढतो आणि सेल आपोआप झिजत नाही. मात्र सेलकडून बराच काळ थेंब-थेंबच वीज घेतली की तो थर जाड होतो. मग अचानक जोराचा घोट मागितला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतो. कोरड्या दिवसांत आमचा घोट छोटा: पाठवलं, अ‍ॅक आला, झोपलो. पावसात झाडीतली ओली पानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतात. अ‍ॅक येत नाही, पुन्हा पाठवा. शेजारी सापडत नाही, कान उघडे ठेवून दुसरा शोधा. काही मिलिसेकंदांचा घोट सेकंदांचा होतो. व्होल्टेज बसतो, प्रोसेसर ब्राउनआउट होऊन, म्हणजे वीज अपुरी पडल्याने बंद होऊन, नव्याने जागा होतो आणि शून्यापासून मोजू लागतो. जागा झाल्यावर पहिलं काम काय? कान उघडे ठेवून शेजारी शोधणं. म्हणजे पुन्हा तोच घोट.

नोडने आपला क्रमांक फ्लॅशमध्ये लिहून का ठेवला नाही, असं कुणीही विचारेल. नोंदी वेगळ्या चिपमध्ये जातात. क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये लिहावा लागला असता. आमचा प्रोसेसर एमएसपी४३० च्या जुन्या घराण्यातला. तो १.८ व्होल्टवर चालतो, पण स्वतःच्या फ्लॅशमध्ये लिहायला त्याला २.७ लागतात. मरताना लिहायची सोय नाही. आधीच लिहून ठेवायला हवं होतं, आणि तो विचार आम्ही केला नव्हता.

राहिली ती भोकं बुजवणारी करामत. आलेखात मध्ये मध्ये तुटक जागा दिसतात अशी तक्रार आली होती, म्हणून कुणीतरी (मीच) रिकाम्या जागी शेवटचा आकडा पुढे ओढायची सोय केली. परीक्षक त्या भरलेल्या आकड्यांवर चालत होता. त्यामुळे "आकडा आलाच नाही" हे त्याला "तोच आकडा पुन्हा पुन्हा आला" असं दिसलं आणि पुस्तकातला "अडकलेला सेन्सर" त्याला लगेच सापडला. हिरवा ठिपका मात्र रेडिओच्या थराला विचारून लागत होता, फिल्टरच्या आधी. तोही बरोबर होता. नोड हरवला तर काय, अडकला तर काय, खोटं बोलला तर काय, या प्रत्येकाची तयारी आमच्याकडे होती. आणि तयारीच्या प्रत्येक थराने आपल्या आधीच्या थराची चूक जरा जास्त पटण्यासारखी करून पुढे पाठवली.

पहाटे अडीचच्या सुमारास आवाज आला. फार मोठा नाही; ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. दिवे मारले तर पायथ्याचा एक तुकडा रस्त्यावर उतरून अर्धा रस्ता अडवून बसला होता. चिखल, मुळांसकट दोन झाडं, दगड. बंद रस्त्यावर कुणी नव्हतं.

लॅपटॉप मांडीवरच होता. पडद्यावर सोळा नंबर गेला, अठरा गेला. बावीस दहा मिनिटं गप्प राहून दुसऱ्या शेजाऱ्याकडून परत आला.

पुढच्या आठवड्यांत काय काय बदललं ते थोडक्यात: प्रत्येक पॅकेटमध्ये आता नोड कितव्यांदा जागा झालाय तो आकडा असतो. क्रमांकांचे गठ्ठे व्होल्टेज चांगला असतानाच फ्लॅशमध्ये राखून ठेवतो. सेलला जोडून कपॅसिटर बसवला, जोराचा घोट तो पुरवतो. गेटवेत येणारं प्रत्येक पॅकेट कुणीही हात लावायच्या आधी जसंच्या तसं डिस्कवर जातं. रिकामी जागा रिकामी दिसते, तक्रार आली तरी. आणि रीसेटच्या चाचण्या आता अर्ध्या तासाच्या नसतात; क्रमांक हवा तिथे ढकलून वर्तुळाच्या दोन्ही अर्धांत करतो.

त्या सकाळी मात्र उजाडल्यावर आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो होतो. एकोणीस नंबर चालू होता. त्याचा कल एकशे चौसष्ट अंश आला होता. खुंटासकट उपटून, घसरत खाली येऊन तो जवळजवळ डोक्यावर उभा होता. दुर्बिणीतून पाहिलं तर ढिगाऱ्याच्या कडेला डब्याचा पांढरा तळ दिसत होता.

परीक्षकाने त्याला पुन्हा यादीत टाकलं होतं. आकडा मर्यादेबाहेर, मतातून वगळला.

"आता तरी त्याला वगळू नका," मॅडम म्हणाल्या.

सहकाऱ्याने त्याचं ताजं पॅकेट उघडलं. उतारावर असताना एकोणीसची पॅकेटं चार-चार शेजाऱ्यांच्या हातून, हॉप करत, यायची आणि अर्धी अधिक पुन्हा पाठवावी लागायची. आता तो रस्त्याच्या कडेला, गेटवेच्या अगदी समोर पडला होता. हॉप एक, पुनःप्रेषण शून्य.